थडग्यावरच्या चार ओळींवरून त्या रात्रीपर्यंत: बॉम्बर क्रूमधल्या मृत सैनिकाचा माग कसा काढतात

उत्तर फ्रान्समधल्या मेहारिकूर गावच्या दफनभूमीत एका पांढऱ्या दगडावर पायलट ऑफिसर ए. सी. मायनार्स्की हे नाव कोरलेलं आहे. सोबत कॅनडाच्या हवाई दलाचं नाव, १३ जून १९४४ ही तारीख आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. वाचणाऱ्याची पहिली समजूत होते की हा माणूस वैमानिक होता. तो वैमानिक नव्हता. पायलट ऑफिसर हा ब्रिटिश पद्धतीच्या हवाई दलातला सुरुवातीचा कमिशन्ड हुद्दा आहे, आणि तो नेव्हिगेटरला, गनरला, कुणालाही मिळू शकतो. अँड्र्यू मायनार्स्की लँकेस्टर या बॉम्बर विमानाच्या पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुकांसह फिरणाऱ्या काचेच्या कोठडीत, बसणारा गनर होता.

१२ जूनच्या रात्री ४१९ स्क्वाड्रनचं केबी ७२६ हे लँकेस्टर इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्ज तळावरून फ्रान्समधल्या कांब्रेवर निघालं. जर्मन लढाऊ विमानाने मागून आणि खालून मारा केला. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, डावा पंख पेटला आणि विमानाच्या पोटात, पाठीवरचं टरेट आणि शेपटीचं टरेट यांच्या मधोमध, आग लागली. कॅप्टनने उड्या टाकायला सांगितलं. मायनार्स्की मागच्या दाराशी पोचला तेव्हा त्याला दिसलं की शेपटीचा गनर पॅट ब्रॉफी अजून आपल्या टरेटमध्येच अडकला आहे.

ब्रॉफी का अडकला, हे कळायला टरेटची रचना माहीत हवी. शेपटीच्या टरेटचं दार त्याच्या पाठीला असतं. टरेट सरळ मागे तोंड करून असेल तेव्हाच ते दार आणि विमानाच्या पोटातली मोकळी जागा समोरासमोर येतात. टरेट बाजूला वळलेलं असताना बंद पडलं तर दाराच्या वाटेत विमानाचा पत्रा येतो. टरेट फिरवणारा हायड्रॉलिक दाब इंजिनावर चालणाऱ्या पंपातून येतो, आणि शेपटीच्या टरेटचा पंप डाव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनावर होता. इंजिन गेलं, दाब गेला. हाताने फिरवायचा दांडा असतो, तो ब्रॉफीच्या धडपडीत तुटला. मायनार्स्की आगीतून सरपटत त्याच्यापर्यंत गेला आणि टरेट हलवायचा प्रयत्न करत राहिला. त्याचे कमरेपर्यंतचे कपडे आणि पॅराशूट पेटलं. ब्रॉफीने त्याला जायची खूण केली, तेव्हा तो दाराशी परतला, ब्रॉफीकडे वळून त्याने सलाम केला आणि उडी मारली. जमिनीवर तो गावकऱ्यांना जिवंत सापडला, पण भाजल्यामुळे थोड्याच वेळात गेला. विमान कोसळलं आणि ब्रॉफी त्यातून बाहेर फेकला जाऊन वाचला.

व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला ११ ऑक्टोबर १९४६ रोजी, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने. ब्रॉफी जगला नसता तर सरकारी नोंदीत ‘भाजल्याने मृत्यू’ एवढंच उरलं असतं.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी उड्डाणं केली आणि त्यातले ५५,५७३ मारले गेले. दर शंभरात चव्वेचाळीस. सरासरी वय बावीसच्या आसपास. त्यातल्या फारच थोड्यांना ब्रॉफीसारखा साक्षीदार मिळाला. बाकीच्यांची ती रात्र कागदांवरूनच उभी करावी लागते. कागद भरपूर आहेत. ते एकमेकांशी जुळत नाहीत, ही खरी अडचण. आणि का जुळत नाहीत हे कळलं की निम्मं काम होतं.

माणूस नव्हे, आधी विमान शोधा

नवख्या शोधकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे तो एकाच नावाच्या मागे लागतो. बॉम्बरमधला माणूस एकटा मरत नसे. लँकेस्टरमध्ये सात जण असत: पायलट, फ्लाइट इंजिनियर, नेव्हिगेटर, बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा), वायरलेस ऑपरेटर, पाठीवरचा गनर आणि शेपटीचा गनर. कधी आठवा माणूस सापडतो. तो बहुधा नवा पायलट असतो. स्वतःच्या क्रूला घेऊन जाण्याआधी तो अनुभवी क्रूबरोबर पाहुणा म्हणून जाई. १९४२ च्या आधीच्या वेलिंग्टनसारख्या विमानांत पाच-सहा जण असत आणि नेव्हिगेशन व बॉम्ब टाकणं ही दोन्ही कामं ‘ऑब्झर्व्हर’ करत असे. म्हणून १९४१ च्या नोंदीत बॉम्ब एमर शोधत बसू नये.

सातही नावं मिळाली की सात थडगी, सात फायली आणि सात कुटुंबांचे पत्रव्यवहार मिळतात. एकाच्या फाइलमध्ये नसलेली गोष्ट दुसऱ्याच्या फाइलमध्ये असते. क्रूमध्ये एखादा ऑस्ट्रेलियन असेल तर नशीबच म्हणायचं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ए ७०५ या मालिकेत हवाई दलातल्या मृतांच्या चौकशी-फायली आहेत, आणि त्यातल्या कित्येक स्कॅन करून मोफत खुल्या केल्या आहेत. त्यात कोसळलेल्या जागेचं वर्णन, वाचलेल्यांचे जबाब, कोणता मृतदेह कुठे मिळाला हे सगळं असतं, आणि अर्थातच ते पूर्ण क्रूबद्दल असतं. कॅनडानेही या युद्धातल्या मृत सैनिकांच्या सेवा-फायली खुल्या केल्या आहेत. बॉम्बर कमांडमध्ये जवळपास दहा हजार कॅनेडियन मारले गेले, तेव्हा त्यांच्या फायलींतून ब्रिटिश सहकाऱ्यांचीही माहिती निघते.

कोण कुठे बसत होता यावरून बाहेर पडण्याची शक्यताही कळते. पुढच्या पाच जणांसाठी मुख्य वाट म्हणजे नाकातल्या जमिनीची झडप. लँकेस्टरमध्ये ती २२ इंच रुंद होती, हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बरमध्ये २४. जाड कपडे, छातीवर पॅराशूट, गिरक्या घेणारं विमान आणि अंधार. अशा वेळी ते दोन इंच जीवघेणे ठरत. पाडल्या गेलेल्या हॅलिफॅक्समधून साधारण चारातला एक वाचे, लँकेस्टरमधून सातातला एक. मागचे दोन गनर शेपटीजवळच्या उजव्या दारातून उतरत. शेपटीच्या गनरचं पॅराशूट बहुतेक वेळा टरेटच्या बाहेर, विमानाच्या पोटात अडकवलेलं असे. ते घेण्यासाठी आधी टरेट सरळ करून दार उघडावं लागे. पायलट बाकीचे उतरेपर्यंत विमान सावरून धरे, म्हणून अवशेषांत अनेकदा तोच सापडतो. तेव्हा ‘फक्त बॉम्ब एमर वाचला’ अशी नोंद दिसली तर तिच्यात गूढ काही नाही. तो झडपेवरच झोपलेला असायचा.

न परतलेल्या विमानानंतर तळावर काय होई

पहाटे विमान आलं नाही, इतर तळांवरही उतरल्याची खबर नाही, की घरच्यांना तार जाई: ‘बेपत्ता’. थोड्या दिवसांत स्क्वाड्रनच्या प्रमुखाचं पत्र. मधल्या वेळात मृतांच्या सामानाची व्यवस्था बघणारा अधिकारी खोली रिकामी करी. पत्रं चाळली जात, घरच्यांना दुखावेल असं काही बाजूला काढलं जाई, आणि सामान कोलनब्रुक इथल्या मध्यवर्ती भांडारात पाठवलं जाई. घरी जी सुटकेस पोचली ती तिथून.

मग जीनिव्हाच्या रेड क्रॉसमार्फत जर्मनांकडून काही कळतं का याची वाट. जर्मन नोंदी नेमक्या असत पण अपुऱ्या: ‘पाच मृत, एकाची ओळख पटली, चार अनोळखी’. पाडलेल्या ब्रिटिश विमानांवर त्यांनी ‘केई’ क्रमांकाचे अहवाल केले. त्यात जागा, वेळ आणि मृतांची यादी सापडते. सहा महिने काहीच कळलं नाही की हवाई मंत्रालय ‘कार्यालयीन कारणांसाठी मृत असे गृहीत’ असं जाहीर करी. विधवेचं निवृत्तिवेतन, मृत्युपत्र, विमा हे सगळं त्यानंतर सुरू होई.

म्हणून एकाच माणसाबद्दल ‘बेपत्ता’, ‘बेपत्ता, बहुधा मृत’, ‘मृत गृहीत’ आणि ‘कारवाईत मृत’ असे चार शिक्के चार तारखांना दिसतात. त्यात विसंगती नाही. ते पायऱ्या-पायऱ्यांनी बदललेले निर्णय आहेत. जुन्या वर्तमानपत्रातली श्रद्धांजली शोधायची तर मृत्यूच्या आठवड्यात शोधून उपयोग नाही. सहा ते नऊ महिने पुढचे अंक बघा.

ओळख कशी पटवली

युद्ध संपलं तेव्हा हवाई दलाचे सुमारे ४२ हजार जण बेपत्ता होते. त्यांना शोधण्यासाठी ‘मिसिंग रिसर्च अँड एन्क्वायरी सर्व्हिस’ हा विभाग युरोपभर फिरला. गावच्या पाद्र्याला, कबर खणणाऱ्याला, पोलिसपाटलासारख्या माणसाला विचारायचं, दफनाची वही बघायची, आणि गरज पडली तर कबर उघडायची. १९४९ पर्यंत साधारण दोन-तृतीयांश प्रकरणं निकाली निघाली: कुणाची कबर सापडली, कुणी समुद्रात गेला हे नक्की झालं.

कबर उघडल्यावर गळ्यातली ओळखपट्टी मिळाली की झालं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नसे. ब्रिटिश सैनिकांच्या चकत्या धातूच्या नव्हत्या. एक लाल गोल आणि एक हिरवी अष्टकोनी, दोन्ही दाबून घट्ट केलेल्या तंतूच्या. विमानातल्या पेट्रोलच्या आगीत त्या जळून जात, आणि ओल्या मातीत कुजत. मग शोधपथकं दुसऱ्या खुणांकडे वळत. बाहीवरच्या पट्ट्यांवरून हुद्दा कळे. छातीवरच्या एकपंखी बिल्ल्यावरून काम कळे: ‘एन’ म्हणजे नेव्हिगेटर, ‘बी’ बॉम्ब एमर, ‘ई’ इंजिनियर, ‘एजी’ गनर. खांद्यावर ‘कॅनडा’ अशी पट्टी असेल किंवा कापड ऑस्ट्रेलियन दलाच्या गडद निळ्या रंगाचं असेल तर सातातले चार-पाच लगेच बाद होत. शर्टाच्या कॉलरवरची धोब्याची खूण तर फार कामाची, कारण धोब्याच्या वहीत त्या खुणेपुढे नाव असे. अंगठी, घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक, दातांची नोंद. आणि विमानाच्या ओळखीसाठी इंजिनाचे व ब्राउनिंग मशीनगनचे क्रमांक. विमान हरवलं की त्याच्यावर बसवलेल्या इंजिनांचे आणि बंदुकांचे क्रमांक कागदावर असतच.

एवढं करूनही अनेकदा सातातले दोन ओळखू येत आणि पाच नाही. तेव्हा त्यांना ‘सामुदायिक कबर’ मिळे. तिथे दगड एकमेकांना चिकटून उभे असतात, म्हणजे हे सगळे इथे आहेत, पण कोण नेमका कुठे ते सांगता येत नाही. या समाधींची निगा राखणाऱ्या युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) नोंदीत ‘कलेक्टिव्ह ग्रेव्ह १६. सी. ४-९’ असं दिसलं तर त्याचा अर्थ प्लॉट १६, रांग सी, ४ ते ९ या जागा मिळून.

इथे देशागणिक फरक आहे. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये गावकऱ्यांनी पुरलेल्या क्रूंना बहुधा तिथेच, गावच्या दफनभूमीत राहू दिलं, मेहारिकूर त्यातलंच. जर्मनीत विखुरलेल्या कबरी उचलून मोठ्या युद्ध दफनभूमींत आणल्या. राइशवाल्ड इथे साडेसात हजारांवर समाधी आहेत आणि त्यातल्या सुमारे चार हजार हवाई दलाच्या. म्हणजे जर्मनीत ज्या दगडापुढे आपण उभे राहतो, ती त्या माणसाची पडण्याची जागा नसते. ती हवी असेल तर युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्या नावाखाली जोडलेले मूळ कागद उघडा. त्यातल्या ‘कॉन्सन्ट्रेशन रिपोर्ट’मध्ये देह आधी कुठे होता, त्या गावाचं नाव किंवा नकाशाचे आकडे दिलेले असतात. हा कागद बहुतेक लोक उघडतच नाहीत, आणि सगळ्यांत मोलाची माहिती त्यातच असते.

ज्यांची कबर सापडलीच नाही, त्यांची नावं लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर आहेत. १७ ऑक्टोबर १९५३ रोजी खुल्या झालेल्या या स्मारकावर वीस हजारांहून जास्त नावं आहेत, वर्षानुसार आणि त्यात हुद्द्यानुसार. फक्त ब्रिटन आणि उत्तर-पश्चिम युरोपातल्या तळांवरून उडालेल्यांची. उत्तर आफ्रिकेतून किंवा आशियातून उडालेला माणूस तिथे सापडणार नाही.

कागद वाचायचा क्रम

पहिला कागद युद्धसमाधी आयोगाची नोंद. तिथून सेवा क्रमांक, हुद्दा, तारीख, स्क्वाड्रन, स्मारक किंवा समाधीचा क्रमांक उतरवून घ्या. दुसरा, लिंकनमधल्या आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राचा मृतांचा डेटाबेस. त्यात विमानाचा क्रमांक आणि सहकाऱ्यांची नावं मिळतात. या दोन्हींसाठी पैसे पडत नाहीत, आणि दोन्ही एका संध्याकाळचं काम आहे.

त्यानंतर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली एआयआर २७ ही मालिका, म्हणजे स्क्वाड्रनची कारवाईवही. तिचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० मध्ये दिवसागणिक सारांश. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाची ओळ: क्रमांक, क्रूची नावं, काम, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, तपशील. आपल्या विमानापुढे ‘परतल्याची वेळ’ हा रकाना कोरा असतो आणि तपशिलात ‘निघाल्यानंतर काही कळलं नाही’ एवढंच. लोक इथे निराश होऊन वही मिटतात. तसं करू नका. त्याच पानावर परतलेल्या क्रूंचे जबाब असतात: ढग किती उंचीवर होते, लढाऊ विमानं कुठे भेटली, कुठल्या वेळी एखादं विमान पेटून पडताना दिसलं. आपल्या माणसाने त्या रात्री काय पाहिलं असेल याची त्यातल्या त्यात जवळची साक्ष तीच. मग मागच्या महिन्यांची पानं उलटत जा आणि तोच क्रू किती वेळा गेला ते मोजा. एका फेरीत तीस मोहिमा पूर्ण करायच्या असत. पाचव्या मोहिमेत गेलेला क्रू आणि अठ्ठाविसाव्या मोहिमेत गेलेला क्रू यांचं त्या रात्रीचं ओझं वेगळं होतं.

चौथा, एआयआर ८१ ही मालिका: हवाई मंत्रालयाच्या मृत-बेपत्ता विभागाच्या फायली, विमानागणिक एक. घरच्यांची पत्रं, रेड क्रॉसचे निरोप, शोधपथकाचा अहवाल यात असतो. या फायली सालवार टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत, तेव्हा युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांच्या आधी मिळतात. सेवा-नोंदीही आता संरक्षण खात्याकडून नॅशनल आर्काइव्ह्जकडे सरकत आहेत.

लॉगबुकबद्दल एक कटू सत्य आधीच सांगितलेलं बरं. मृतांची उड्डाण-नोंदवही सरकारकडे जमा होई आणि मागितल्यास कुटुंबाला मिळे. कुणी न मागितलेल्या बहुतेक वह्या १९६० मध्ये नष्ट केल्या गेल्या, नमुन्यादाखल थोड्या राखून. ती घरात नसेल तर बहुधा जगात नाही.

आता जिथे गाडी अडते त्या जागा. तारीख ही पहिली. बॉम्बर कमांड रात्री उडत असे, म्हणून मोहिमेची तारीख ‘३०/३१ मार्च’ अशी जोडीने लिहितात. १९४४ च्या त्याच रात्री न्युरेंबर्गवर ७९५ विमानं गेली आणि ९५ परतली नाहीत. त्यांच्यातला कुणी मध्यरात्रीआधी गेला, कुणी नंतर. पण कागदावरची तारीख अनेकदा कारकुनाच्या सवयीने ठरली. एकाच विमानातल्या दोघांच्या दगडांवर दोन तारखा दिसल्या तर लगेच निष्कर्ष काढू नका.

हुद्दा ही दुसरी. १९४० पासून विमानातला प्रत्येक जण किमान सार्जंट असे. वहीत ‘फ्लाइट सार्जंट’ आणि दगडावर ‘पायलट ऑफिसर’ असं दिसतं, कारण कमिशनचा हुकूम मागच्या तारखेपासून लागू होई आणि तो निघेपर्यंत माणूस गेलेला असे. कमिशन मिळालं की सेवा क्रमांकही बदलतो. जुन्या क्रमांकाने शोधलं तर नवी फाइल सापडत नाही आणि नव्याने शोधलं तर जुनी. दोन्ही क्रमांक हवेत. लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात कमिशनच्या घोषणेत ते एकत्र छापलेले सापडतात. कॅनेडियनांचं सोपं आहे: ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक इतर हुद्द्यांचा, ‘जे’ने सुरू होणारा अधिकाऱ्याचा.

आणि विमानाची अक्षरं. मायनार्स्कीच्या विमानावर ‘व्हीआर-ए’ असं रंगवलेलं होतं. ‘व्हीआर’ म्हणजे ४१९ स्क्वाड्रन, ‘ए’ म्हणजे त्यातलं एक विमान. ते पडलं की ‘ए’ दुसऱ्या विमानाला मिळे. म्हणून घरातल्या जुन्या फोटोत ‘व्हीआर-ए’ दिसलं तरी ते केबी ७२६ असेलच असं नाही. खरी ओळख फक्त मालिका क्रमांकाची.

तळ्यातलं स्टर्लिंग

चुकीची ओळख किती वर्षं टिकू शकते याचं उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. मार्करमेर तळ्यात २००८ मध्ये एका बोटीच्या नांगराला विमानाचा तुकडा अडकला. स्टर्लिंग जातीचं बॉम्बर हे लवकर कळलं, आणि ते बीके ७१० असावं असं धरलं गेलं. पुढे अवशेषांत सिगारेटच्या डबीचं झाकण मिळालं, त्यावर तीन आद्याक्षरं. ती बीके ७१० च्या क्रूपैकी कुणाशीच जुळत नव्हती. जुळली ती बीके ७१६ च्या एका सार्जंटशी. २१८ स्क्वाड्रनचं हे विमान २९/३० मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनहून परतताना हरवलं होतं आणि त्याच्या सातही जणांची नावं रनीमीडच्या भिंतीवर होती. २०२० मध्ये तळ्यातला गाळ चाळून अवशेष वर काढले गेले.

एका चुकलेल्या क्रमांकामुळे कित्येक वर्षं दोन क्रूंच्या नातेवाइकांपैकी एकांना खोटी आशा लागून राहू शकते आणि दुसऱ्यांना काहीच कळत नाही. म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे: एकाच पुराव्यावर विमानाचं नाव घोषित करू नका, स्मारकाची पाटी तर मुळीच लावू नका. नेदरलँड्सच्या भूमीवर आणि पाण्यात सुमारे साडेपाच हजार विमानं पडली. एका गावाच्या आसपास त्याच जातीची दोन-तीन असू शकतात.

अनोळखी कबर अमुक एका माणसाची आहे असं वाटलं तर प्रकरण युद्धसमाधी आयोगाकडे मांडता येतं. अंतिम निर्णय ब्रिटिश संरक्षण खात्याचा. तिथे ‘हाच असावा’ हे चालत नाही. ‘दुसरा कुणीही असू शकत नाही’ हे दाखवावं लागतं. म्हणजे त्या टापूत, त्या काळात बेपत्ता झालेल्या त्याच हुद्द्याच्या आणि त्याच कामाच्या प्रत्येकाची यादी करायची आणि एकेकाला कारणासह बाद करायचं. कंटाळवाणं आहे, पण दगडावर नाव कोरायचं तर एवढी काळजी हवीच.

मेडलचीही एक गोष्ट. ब्रिटनहून युरोपवर ५ जून १९४४ पर्यंत लढलेल्यांना एअर क्रू युरोप स्टार आणि त्यानंतरच्यांना फ्रान्स अँड जर्मनी स्टार. बॉम्बर कमांडचं वेगळं मोहीम-पदक कधीच निघालं नाही. १९३९-४५ स्टारच्या फितीवर लावायची पट्टी मंजूर झाली ती २०१३ मध्ये. जवळचा वारस आजही अर्ज करू शकतो. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारकही २८ जून २०१२ पर्यंत नव्हतं. या उशिराचं कारण लपवण्यासारखं नाही: हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन आणि इतर शहरांत या बॉम्बमुळे हजारो नागरिक मेले. ग्रीन पार्कच्या स्मारकावर बॉम्बवर्षावात मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख आहे. तो असायलाच हवा होता. शोधकानेही क्रूची शेवटची रात्र लिहिताना ते कुठल्या शहरावर गेले होते आणि तिथे काय झालं, ते लिहावं.

भारतातून शोधताना

पुण्याजवळच्या खडकी वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ समाधी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायम निगा राखणं शक्य नव्हतं, त्या इथे आणल्या. म्हणून खडकीत दिसलेल्या हवाई दलाच्या नावापुढे ‘लढाईत मृत’ असं गृहीत धरू नका. भारतातले बरेच मृत्यू अपघाताने आणि आजाराने झाले. बंगालमधल्या दिगरी, सालबोनी अशा तळांवरून ब्रह्मदेशावर जाणारी लिबरेटर बॉम्बर विमानं मात्र कारवाईतही पडली. त्यातल्या ज्यांची कबर मिळाली नाही त्यांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत, रनीमीडला नाहीत. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी ब्रह्मदेश आघाडीवर वेंजन्स हे डाइव्ह बॉम्बर उडवलं, दोन जणांचं: पुढे पायलट, मागे वायरलेस ऑपरेटर-गनर. त्यांच्यातल्या बेपत्तांचा शोधही क्रांजीपासून सुरू करावा. ज्यांच्यावर अंत्यसंस्कार दहनाने झाले त्यांची नावं वेगळ्या दहन-स्मारकांवर असतात, उदाहरणार्थ इंफाळ आणि रंगूनजवळचं तॉक्यान. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर शोधू नका. तिथली नावं स्वातंत्र्यानंतरच्या संघर्षांतली आहेत.

मराठी नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर अडून राहू नका. बॉम्बर कमांडमध्ये नेव्हिगेटर म्हणून उडालेले आणि डीएफसी हे हवाई शौर्यपदक मिळवलेले शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांचं आडनाव इंग्रजी कागदात मधल्या स्वराशिवाय, जणू ‘सुकथनकर’ असं येतं. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, देश आणि साल निवडा, आणि यादी डोळ्यांनी चाळा. कारकुनाने वडिलांचं नाव आडनावाच्या जागी लिहिलेलंही सापडेल, म्हणून तिन्ही नावांनी वेगवेगळं शोधा. आयोगाच्या नोंदीतल्या ‘अधिक माहिती’ या रकान्यात आई-वडील आणि गाव असतं, आणि तो रकानाही शोधता येतो. तिथे पुणे ‘पूना’ आहे, रायगड जिल्हा ‘कुलाबा’ आहे, आणि सिंधुदुर्गातलं गाव रत्नागिरीखाली किंवा सावंतवाडी संस्थानाखाली आहे. नोंद चुकलेली निघाली तर दुरुस्तीसाठी आयोगाला लिहा, पण सोबत जन्मदाखला, सेवापुस्तक किंवा त्या काळातलं सरकारी पत्र यांपैकी एकाची स्वच्छ प्रत जोडा. नुसत्या वंशावळीवर दुरुस्ती होत नाही.